बाळाच्या खोलीतला रेडिएटर

१

गुन्हा घडला तो बाळाच्या खोलीत, आणि ते बाळ तर अजून जन्मालाही यायचं होतं. त्यामुळे घरातला निदान एक जण तरी पहिल्याच फटक्यात संशयातून सुटला, असं यामिनीनं मनातल्या मनात ठरवलं आणि ती आत शिरली.

खोली कसली, खोलीचं पिल्लूच ते. तिची मैत्रीण स्वरूपा आणि स्वरूपाचा नवरा सलील, दोघांनी तिथे पाळणा लावला होता, पाळण्यावर कापडी चिमण्या टांगल्या होत्या आणि भिंतींना नवा रंग दिला होता. रंग अर्थातच मॅग्नोलिया. डब्लिनमधल्या भाड्याच्या घरांना देवानं दुसरा रंग दिलेलाच नाही. पांढरा म्हणावा तर पांढरा नाही, पिवळा म्हणावा तर पिवळा नाही. खिडकीखाली रेडिएटर होता आणि त्याची दशा बघवत नव्हती. अंगावरचा रंग पापुद्र्यांनी सुटून लोंबत होता, खालून गंज डोकावत होता. एका बाजूला खाली गरम पाणी चालू-बंद करायचा व्हॉल्व्ह असतो, तिथून थेंब थेंब पाणी पातेल्यात पडत होतं. व्हॉल्व्हभोवती पांढरी खरपुडी धरली होती आणि कार्पेटवर चहा सांडल्यासारखा मोठा डाग पडला होता.

"कधी कळलं?" यामिनीनं विचारलं.

"सोमवारी. दुपारी आले तर पायाला ओलं लागलं." स्वरूपा पाळण्याला धरून उभी होती. आठवा महिना, चेहऱ्यावर सूज, खांद्यावर मरून रंगाची लोकरी शाल. शालीच्या पाठीला काही पांढरट कस्पटं चिकटली होती. येणाऱ्या बाळाच्या घरात कापूस, लोकर, काय काय चालू असतं. यामिनीनं ती सवयीनं झटकली.

"प्लंबर काय म्हणाला?"

"इथले लोक म्हणतात तसा 'युअर मॅन' येऊन गेला, तो डेक्लन. हात लावून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, मीठ. मिठानं रंग खाल्ला, मिठानं व्हॉल्व्ह खाल्ला. शनिवारी नवा व्हॉल्व्ह घेऊन येतो म्हणाला."

"आता रेडिएटरला मीठ कुठून लागणार?"

स्वरूपानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "सांडगी मिरच्या."

यामिनीला लगेच उलगडलं. सलीलच्या आई, सुरेखाकाकू, जानेवारीत सांगलीहून आल्या. आल्या आल्या त्यांनी इथल्या मिरच्यांत मीठ-मसाला भरला आणि ऊन नाही म्हणून हॉलमधल्या रेडिएटरवर वाळत घातल्या. दोन दिवस सगळं घर ठसकत होतं. तेव्हा सलील पोट धरून हसला होता. सोमवारी मात्र तो हसला नाही.

"त्यानं विचारलं, आई, वरच्या रेडिएटरवर काय वाळत घातलं होतंस? त्या म्हणाल्या, काही नाही. त्यानं परत विचारलं. त्या परत म्हणाल्या, काही नाही. आणि मग हा शहाणा प्लंबरसमोर म्हणतो, आई, खरं सांग, मी रागावणार नाही."

"अरे देवा."

"त्या सरळ आपल्या खोलीत गेल्या आणि बॅग काढली. तिकीट बदलून घेतलंय, यामिनी. रविवारी जाताहेत."

यामिनी पाळण्याशेजारच्या स्टुलावर बसली. आज गुरुवार होता. स्वरूपाची आई दोन वर्षांपूर्वी पुण्यात वारली. पहिलं बाळंतपण, परका मुलूख, जवळचं बाईमाणूस म्हणून ह्या सुरेखाकाकू. त्या डिंक, आळीव आणि खारका बॅगेत कोंबून, दुखरे गुडघे घेऊन, जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. सासूनं कुठे बाळंतपण करायचं असतं का, असं फोनवर विचारणाऱ्या मावश्यांना स्वरूपानं ठणकावून सांगितलं होतं, माझ्या सासूबाई करतील.

"तुझं ऑफिसात हेच काम ना?" स्वरूपा म्हणाली. "काय बिघडलं, कशानं बिघडलं, ते तू शोधतेस. रविवारच्या आत शोध. मला त्या इथे हव्या आहेत."

"आणि शोधल्यावर निघालं की मिरच्या काकूंनीच घातल्या होत्या, तर?"

"निघणार नाही. त्या खोटं बोलत नाहीत."

"मग खोटं कोण बोलतंय?"

स्वरूपानं पाळण्यावरची एक वाकडी चिमणी सरळ केली.

२

क्लोनडॉकिनमधल्या औषधांच्या कारखान्यात यामिनीचा हुद्दा भारी इंग्रजी होता, पण साध्या मराठीत तिचं काम चोर पकडायचं. गोळ्यांचा एखादा घाणा बिघडला की तो का बिघडला ह्याचा छडा तिनं लावायचा. या कामात ती एक गोष्ट शिकली होती. माणसं सहसा खोटं बोलत नाहीत, फक्त विचारलं तेवढंच सांगतात. त्यामुळे उत्तर पटत नसलं तर माणसाला धारेवर धरण्यापेक्षा आधी आपला प्रश्न तपासावा.

गुडघ्यांमुळे काकूंना खालची खोली दिली होती. पलंगावर उघडी बॅग आणि बॅगेशेजारी दुपट्यांची चळत. स्वतःच्या जुन्या सुती साड्या फाडून, हातानं टाके घालून काकूंनी ती शिवली होती. ती बॅगेत जात नव्हती, बाजूला ठेवली जात होती. बाळासाठी ती इथेच राहणार होती.

"ये गं. बस. चहा टाकू?"

"नको काकू. एकच विचारायला आले."

"विचार की. सगळी जणं तेच विचारतायत." काकू खुर्चीत ताठ बसल्या. "वरच्या रेडिएटरवर मी सुतळीचा तोडासुद्धा वाळत घातला नाही. मिरच्या घातल्या त्या हॉलात, खाली पंचा अंथरून. आणि त्या कुणी संपवल्या, ते विचार जा वर राहायला होता त्या पियूषला."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"मग झालं तर."

"पण सलीलवर एवढा राग बरा नाही. त्याचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

"सलीलवर?" काकूंना खरंच नवल वाटलं. "त्याच्यावर कशाला रागावू? पोटचं पोर ते. आज तोंड वर करून बोलेल, उद्या गुळांबा मागत मागनं फिरेल. त्याच्यासाठी कोण तिकीट बदलतंय?"

यामिनी सावरून बसली. "मग कुणासाठी बदललंत?"

काकूंनी एक दुपटं उचललं, झटकलं, परत घडी घातली. तेहेतीस वर्षं सांगलीच्या वीजमंडळात बिलाच्या खिडकीवर बसलेली ही बाई. समोरच्या माणसाला किती सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आपली जिथं गरज आहे तिथं माणसानं राहावं," त्या म्हणाल्या. "नसंल तिथं उगं अडचण करू नये."

"स्वरूपाला तुमची गरज आहे, काकू."

"तिनं सांगितलं का तुला तसं?"

"आत्ताच सांगितलं."

"मला नाही सांगितलं." खुर्चीच्या हातांवर भार देऊन त्या उठल्या, तेव्हा दोन्ही गुडघे कटकन वाजले.

"ह्या गुडघ्यांनी जिना चढता का हो?"

"चढते की. दुपारी एकदा."

"कशाला?"

"असंच," काकू म्हणाल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी यामिनीच्या डोळ्यांतून नजर काढून घेतली.

३

सलील ऑफिसातून आला तो पडलेल्या चेहऱ्यानंच. त्याला चहा देण्याच्या निमित्तानं यामिनीनं स्वयंपाकघरात गाठलं.

"तुझी आई तुझ्यामुळे चाललेली नाही, असं ती म्हणते."

"म्हणजे फारच रागावली आहे," सलील म्हणाला. पोटच्या पोराला आई बरोबर कळते, पण कधी कधी उलटी कळते.

"मला एक सांग. मीठ हा शब्द आधी कोण बोललं? तू का प्लंबर?"

सलील आठवू लागला. आठवता आठवता त्याचे कान लाल झाले. "मीच. मी त्याला म्हटलं, माझी आई रेडिएटरवर खारवलेल्या मिरच्या वाळवते, त्यानं असं होईल का? तर तो म्हणाला, आह शुअर, सॉल्ट, दॅट'ड डू इट."

"म्हणजे तू उत्तर दिलंस आणि त्यानं मान डोलावली."

"त्याला पुढच्या घरी जायचं होतं गं. पण पांढरी खरपुडी दिसतेय की व्हॉल्व्हवर! मीठ नाही तर काय ते?"

"बघू. रेडिएटरला रंग कुणी दिला?"

"मीच दिला की." आता त्याचा चेहरा जरा उजळला. "पियूष तिथे राहत होता ना, तो मेनूथला नव्या घरी गेला आणि दुसऱ्याच दिवशी मी खोली रंगवायला घेतली. भिंती झाल्या, डब्यात रंग उरला. टाकायचा कशाला? रेडिएटरला दोन हात मारले. मॅचिंग!"

"भिंतीचाच रंग?"

"भिंतीचाच."

"आधी घासलास? खाली प्रायमर?"

"त्याला काय घासायचंय?"

"रेडिएटर गार होता का तेव्हा?"

"जानेवारीत? गार रेडिएटरच्या खोलीत मी रंग देत बसलो असतो, तर ऊब आणायला मलाच घासावं लागलं असतं."

यामिनीनं कपाळाला हात लावला. उरलेला रंग डब्यात वाळू द्यायचा नाही, ही आपल्या समस्त लोकांची शपथ. सांगलीत सलीलच्या घरातल्या खिडकीच्या गजांपासून पिंपापर्यंत सगळं एकाच रंगाचं असणार, ह्याबद्दल तिच्या मनात शंका उरली नाही. तापणाऱ्या लोखंडाला निराळा रंग लागतो आणि तो लोखंड गार असताना लावायचा असतो. भिंतीचा रंग तिथे धरतच नाही, नुसता चिकटल्याचं सोंग करतो. पापुद्र्यांना आईच्या मिरच्या लागत नव्हत्या, लेकाचा हात पुरेसा होता.

पण रंग सुटला म्हणून पाणी गळत नाही. गळतीचं कारण वेगळंच होतं.

चहा झाला. सलीलनं गॅसचं बटण बंद केलं आणि दिवा मालवला. दारापर्यंत जाऊन तो परत आला, गॅसचं बटण पुन्हा एकदा पिळून बघितलं आणि मगच बाहेर पडला. यामिनी दाराबाहेरून ते बघत राहिली.

४

पियूष फोनवरच हात जोडत होता, असं आवाजावरून वाटलं. हा सलीलच्या ऑफिसातला नागपूरचा मुलगा, नवं घर मिळेपर्यंत त्या खोलीत राहिलेला, आणि वाघाला भ्यावं तसा थंडीला भिणारा.

"मान्य, यामिनीताई, मी त्या रेडिएटरवर मोजे वाळवले. टॉवेल वाळवले. एकदा तर पोळी पण गरम करून खाल्ली. पण लीक नव्हता, आईशप्पथ! आणि रंग तेव्हा पांढराशुभ्र, ग्रँड होता."

"व्हॉल्व्हला हात लावायचास?"

"कायले लावू? फुल्ल करून ठेवला होता पहिल्या दिवशी. मी निघालो तोपर्यंत फुल्लच होता."

म्हणजे पियूष सुटला. त्यानं व्हॉल्व्हला हात लावला नव्हता, आणि जो रंग सुटला होता तो तर त्याच्यामागून आला होता.

शुक्रवारी यामिनी कामावरून दुपारीच सलील-स्वरूपाच्या घरी आली आणि अर्धं लिंबू घेऊन त्या खोलीत गेली. काकू खाली होत्या, स्वरूपा डॉक्टरकडे गेली होती. व्हॉल्व्हवरच्या पांढऱ्या खरपुडीवर तिनं लिंबू पिळलं. खरपुडी फसफसली.

मीठ लिंबात मुकाट्यानं विरघळतं, सरबत करणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. फसफसतो तो इथल्या नळाच्या पाण्यातला चुना, जो इथल्या प्रत्येक किटलीच्या बुडाशी बसलेला असतो. पाणी झिरपलं, वाळलं, चुना मागे राहिला. मिठाचा खटला तिथेच निकालात निघाला.

मग पाणी का झिरपलं? चाकासारखं बटण फिरवायचं, की पाणी चालू. उलटं फिरवायचं, की बंद. तिनं ते फिरवून बघितलं. बोटाच्या टोकानं गरकन फिरलं. ती शेजारच्या खोलीत गेली, तिथलं बटण फिरवलं. हलेना. न्हाणीघरातलं दोन्ही हातांनी कसंबसं हललं. घर एक, वय एक, सगळे व्हॉल्व्ह एकाच दिवशी बसवलेले. बाकीचे घट्ट, कारण त्यांना कुणी हात लावत नव्हतं. हा मात्र नळासारखा वापरला जात होता. रोज उघड, रोज बंद कर. आतलं बूच झिजलं आणि दांड्याच्या कडेनं पाणी वर आलं.

कोण करत होतं हे, आणि कशाला? बाळच नव्हतं त्या खोलीत!

ती विचार करत कार्पेटवर बसली, रेडिएटरला पाठ लावून. आणि बसल्या बसल्या थबकली. हळूच वळून तिनं रंग सुटलेली जागा नीट बघितली. वरची कड शाबूत होती. कुणी वर काही वाळत घातलं असतं, तर रंग तिथून सुटला असता. रंग निघाला होता तो मधोमध, नेमका तिच्या पाठीच्या उंचीवर. शेजारी भिंतीला टेकवून गोधडीची घडी ठेवलेली होती आणि समोरचं कार्पेट दबलेलं होतं.

ह्या खोलीत कुणीतरी रोज येऊन बसत होतं. जमिनीवर बसणं काकूंच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं, सलील दिवसभर ऑफिसात. यामिनीला मरून शाल आठवली, आणि आपणच झटकून टाकलेली ती कस्पटं.

५

कारखान्यात चोर सापडला की यामिनी सरळ साहेबांना सांगून मोकळी व्हायची. इथे चोर आठ महिन्यांची गरोदर होती आणि तपासाला बोलावणारीही तीच. ती खोटं बोलली नव्हती. सगळे मिरच्यांबद्दल विचारत होते आणि बसण्याबद्दल तिला कुणी विचारलंच नव्हतं. आपल्या बसण्यानं, बटण फिरवण्यानं काही बिघडत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नसणार.

पण दार लावून एकटीनं तिथे बसायचं कशाला? यामिनीनं रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ह्याचा विचार केला आणि उत्तर सापडलं तेव्हा तिला वाईट वाटलं, की मैत्रीण म्हणवून घेतो आणि आपल्याला हे दिसलं नाही.

शनिवारी सकाळी डेक्लन नवा व्हॉल्व्ह घेऊन आला. ती खोली म्हणजे उभं राहायला मारामार. त्यात डेक्लन, त्याची हत्यारं, सलील, स्वरूपा, यामिनी, आणि दाराशी खुर्चीवर काकू. काकूंचा पासपोर्ट खाली टेबलावर येऊन बसला होता.

"इज इट सॉल्ट?" यामिनीनं विचारलं.

डेक्लननं जुना व्हॉल्व्ह काढून उजेडात धरला, ह्या वेळी नीट बघितला. "आह, नो. नॉट अ बिट. द ग्लँड्स वोर्न. समबडीज बीन अ‍ॅट इट मॉर्निंग, नून अँड नाइट. यू सेट इट अँड लीव्ह इट, लाइक." म्हणजे बूच झिजलं होतं, तेही सारखं फिरवून फिरवून. मग त्यानं नवा बसवला, हत्यारं आवरली, काकूंकडे बघून "सॉरी, मिसेस" म्हणाला आणि गेला. तेवढी माफी तरी कुणीतरी मागितली.

आता घरचेच उरले. यामिनीनं लिंबाची गोष्ट सांगितली, मग रंगाची. प्रायमर हा शब्द आला तेव्हा सलील छताकडे बघायला लागला.

"राहिलं बटण," ती म्हणाली. "सलील, संध्याकाळी घरी आलास की ह्या खोलीत येतोस?"

"येतो. बघून जातो. बटण उघडं असलं तर बंद करतो, बंद असलं तरी एकदा पिळून बघतो. कुणी नाही त्या खोलीत हीटिंग कशाला जाळायचं?" तो काकूंकडे वळला. "तूच शिकवलंस ना? शेवटी बाहेर पडेल त्यानं मागे वळून बघायचं. दिवा, पंखा, गीझर."

"मी दिव्याचं शिकवलं. हे असलं यंत्र सांगलीत होतं व्हय?"

"आणि पिळून घट्ट बंद करतोस," यामिनी म्हणाली. "गॅससारखं. तर बंद करणारा सापडला. पण बंद करायला ते आधी कुणीतरी उघडलेलं हवं. कोण उघडत होतं?"

स्वरूपानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. तिच्या ओठांची हालचाल झाली, पण तिच्याआधी दाराकडून आवाज आला.

"मी," काकू म्हणाल्या.

६

"आई, तू?" सलील म्हणाला.

"तुम्ही विचारलंत, वाळत काय घातलं. काही घातलं नव्हतं, नाही म्हटलं. बटण उघडलं का म्हणून विचारलं असतंत, तर होय म्हटलं असतं. दुपारी जेवणं झाली की वर यायचं आणि उघडून ठेवायचं. सोमवारपर्यंत रोज उघडलं."

"पण कशाला?"

"खोली गरम व्हावी म्हणून."

"कुणासाठी? बाळ अजून..."

काकू एकटक कापडी चिमण्यांकडे बघत बसल्या. यामिनीला सगळं माहीत होतं, पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. ती फक्त स्वरूपाकडे बघत राहिली.

"माझ्यासाठी," स्वरूपा म्हणाली. "मी बसते इथे. दुपारी. पाठीला शेक बरा वाटतो." मग तिचा आवाज फुटला. "पाठीचं नुसतं निमित्त. मला आईची आठवण येते. ती असती तर आत्ता इथे असती, हे सारखं मनात येतं. म्हणून दार लावून रडते. मला वाटायचं, सकाळी जाताना सलीलच बटण उघडून जातो. जाताना बटण बंद करून जायचे, गीझरसारखं. कधी माझ्याकडून उघडं राहिलं, तर संध्याकाळी सलील बंद करत असेल." ती काकूंकडे वळली. "तुम्हाला कळलं होतं?"

"तू इथं बसायला लागलीस त्या पहिल्या आठवड्यातच. झोपलीस का बघायला वर आले, तर दाराबाहेर ऐकू आलं. माझी आई मी पोटुशी असतानाच गेली, सलीलच्या वेळी. ते रडणं मला ओळखू येतं, पोरी. आत यावंसं लई वाटलं. पण तू बोलावलं नव्हतंस. म्हटलं, निदान खोली तरी गार नको."

"आणि सोमवारी हे सांगितलं का नाहीस?" सलील हतबुद्ध होऊन म्हणाला. "मी एवढं काय काय बोललो."

"काय सांगू? बटण मी उघडते म्हटलं असतं, तर तू विचारलं असतंस, कुणासाठी. त्या परक्या माणसापुढं हिचं रडणं काढू?"

सलीलनं खाली बसून आईच्या पायांना हात लावला.

"पण मग जायला कशाला निघालात?" यामिनीनं विचारलं. तिच्या मते सगळ्या तपासातला हाच एक प्रश्न महत्त्वाचा होता.

काकूंनी पदर सारखा केला. "मी खाली असताना ही वर जाऊन एकटी रडते. वाट बघितली, आज सांगेल, उद्या सांगेल. नाही सांगितलं. म्हटलं, हिला हवी ती आई मी काही होऊ शकत नाही. मग उगं डोळ्यांपुढं कशाला राहायचं? तिनं तरी मोकळेपणानं रडावं."

"अहो, उलट आहे!" स्वरूपा जवळजवळ ओरडलीच. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, गुडघे दुखत असताना दिवसभर माझ्यासाठी राबता. आणि मी तुमच्यासमोर आईसाठी रडले, तर तुम्हाला वाटलं असतं, एवढं करूनही हिला मी पुरत नाही. म्हणून वर येत होते. तुम्हाला लागू नये म्हणून."

तिघांपैकी एकानंही वाईट केलं नव्हतं. एकीनं उघडलं, दुसरीनं बंद केलं, तिसऱ्यानं वर आणखी पिळलं, आणि सगळ्यांच्या मायेनं मिळून त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हचा जीव घेतला. यामिनीला हसावं का रडावं ते कळेना.

"सलील," काकू शेवटी म्हणाल्या, "त्या विमानवाल्यांना फोन लाव."

सलील ताडकन उठला.

"थांब, आधी हिला माझी अट ऐकू दे. मी राहीन. पण रडायचं असंल तर खाली स्वयंपाकघरात यायचं, माझ्यासमोर. मी एक शब्द बोलणार नाही. माझी भाजी निवडत बसेन. पण दाराबाहेर उभी राहून मी आता ऐकणार नाही."

स्वरूपानं मान हलवली. ती हलवता हलवताच तिचा चेहरा वेडावाकडा झाला.

"आत्ता रडू आलं?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग आत्ता इथंच रड. मला परत जिना उतरायला लावू नको."

यामिनीनं सलीलला बाही धरून बाहेर ओढलं आणि दार लावून घेतलं. खाली येऊन तिनं चहा टाकला, सलील फोनवर तिकिटाचं बोलत राहिला. वरून बराच वेळ रडण्याचा आवाज येत होता, आणि तो एकटीचा नव्हता.